सॅनवरून बूट होणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा एकाच पाथवर येतो तेव्हा

सर्व्हर सुरू होतो, लॉगिन येतं, अ‍ॅप्लिकेशन चालतं, सगळं आलबेल दिसतं. मग एका रात्री स्टोरेज टीम एका सॅन (स्टोरेजचं स्वतंत्र नेटवर्क) स्विचचं फर्मवेअर अपडेट करायला घेते. दुसरं फॅब्रिक (सॅन स्विचचं दुसरं स्वतंत्र जाळं) चालू असल्यामुळे कुणाला काळजी नसते. डेटाचे सगळे लन (स्टोरेजवरून मिळणाऱ्या डिस्क) चालू राहतात, पण ऑपरेटिंग सिस्टिम असलेली रूट फाइलसिस्टिम तेवढी कोसळते: एक्सएफएस असेल तर थेट शटडाउन, ईएक्सटी४ असेल तर रीड-ओन्ली. मग कुणीतरी सर्व्हर रीबूट करतं, मल्टिपाथची (एका लनचे अनेक मार्ग एकत्र करणाऱ्या सॉफ्टवेअरची) सेटिंग्ज तपासतं, ती बरोबरच असतात, म्हणून तिकीट बंद होतं. पुढच्या कर्नल अपडेटनंतर तोच सर्व्हर पुन्हा त्याच अवस्थेत सापडतो.

हा दोष सहसा स्विचचा किंवा केबलचा नसतो. रूट पहिल्यापासून मल्टिपाथवर नव्हतंच, एकाच पाथवर (मार्गावर) होतं, आणि सगळे पाथ चालू असेपर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ही अवस्था एकदा आली की ती पुढे स्वतःच टिकून राहते. कशी, तेच या लेखात आहे.

मी गृहीत धरलेली रचना नेहमीची आहे. सर्व्हरला फायबर चॅनलचे दोन एचबीए (सॅनशी जोडणारं कार्ड) पोर्ट आहेत, दोन वेगळी फॅब्रिक आहेत, स्टोरेज अ‍ॅरेला दोन कंट्रोलर आहेत आणि बूट लनपर्यंत एकूण ४ पाथ जातात. ऑपरेटिंग सिस्टिम आरएचईएल (रेड हॅटचं लिनक्स) ८ किंवा ९, किंवा त्यांच्या घराण्यातली एखादी. सुसेमध्येही ड्रॅकटच (बूटची सुरुवातीची इमेज बांधणारं साधन) असल्याने बहुतेक भाग तिथे तसाच लागू होतो. डेबियनचा फरक पुढे दिला आहे. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप कराव्यात.

आधी रूट कशावर आहे ते बघा

'मल्टिपाथ -एलएल' चालवून चार पाथ दिसले की बरेच जण थांबतात. ती यादी डेटाच्या लनची असू शकते. त्याऐवजी 'एलएसबीएलके' चालवा. निरोगी सर्व्हरवर एसडीए, एसडीबी, एसडीसी आणि एसडीडी या चारही डिस्कखाली एकच एमपाथए दिसतो आणि पार्टिशन त्या एमपाथएच्या खाली असतात. बिघडलेल्या सर्व्हरवर एसडीएच्या थेट खाली एसडीए१, एसडीए२, एसडीए३ असतात, त्यातल्याच एकावर किंवा त्यातल्या एलव्हीएमवर (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची व्यवस्था) रूट माउंट असतं, आणि त्याच आकाराच्या बाकीच्या तीन डिस्क वापराविना पडलेल्या दिसतात. 'एलएसबीएलके -एफ' मध्ये मल्टिपाथने ताब्यात घेतलेल्या डिस्कपुढे फाइलसिस्टिमच्या रकान्यात 'एमपाथ_मेंबर' असं येतं. ते शब्द नसतील तर त्या डिस्कवर मल्टिपाथचा ताबा नाही, हे नक्की.

कर्नलच्या लॉगमध्येही खूण सापडते. बूट पूर्ण झाल्यावर मल्टिपाथडी (मल्टिपाथची सतत चालणारी सर्व्हिस) उशिरा तो लन ताब्यात घ्यायला जातो. पण एसडीए आधीच रूटसाठी उघडलेली असल्यामुळे डिव्हाइस मॅपर 'एरर गेटिंग डिव्हाइस' म्हणतो आणि त्यापुढे 'ईबिझी' (डिव्हाइस वापरात आहे) हा कोड देतो. हा संदेश दिसला की चालू सिस्टिमवर 'मल्टिपाथ -आर' किंवा सर्व्हिस रीस्टार्ट करण्यात वेळ घालवू नका. रूट ज्या डिव्हाइसवर माउंट आहे ते चालू असताना सोडवून घेता येत नाही. दुरुस्ती रीबूटमधूनच होते, आणि ती नीट तयारी करून केलेल्या रीबूटमधून.

चक्र कसं तयार होतं

सॅनवरच्या बूटमध्ये तीन टप्पे असतात. पहिल्यात फर्मवेअर आणि एचबीएचं बूट कोड असतं. तिथे मल्टिपाथ नसतो, एका वेळी एकच पाथ वापरला जातो. दुसऱ्यात कर्नल आणि इनिटरामएफएस (कर्नलबरोबर मेमरीत चढणारी छोटी फाइलसिस्टिम). तिसऱ्यात खरं रूट माउंट झालेली सिस्टिम. रूट कोणत्या डिव्हाइसवर माउंट होणार हे दुसऱ्या टप्प्यात ठरतं, आणि दुरुस्ती करताना आपण जवळपास नेहमी तिसऱ्या टप्प्यातल्या फाइली बदलत असतो.

इनिटरामएफएस म्हणजे घरून निघताना बांधून घेतलेली शिदोरी. निघाल्यानंतर घरी काय शिजलं ते तिच्यात येत नाही. इटीसीमधली मल्टिपाथ डॉट कॉन्फ, इटीसी-मल्टिपाथ फोल्डरमधल्या डब्ल्यूडब्ल्यूआयडीज (लनच्या कायमच्या ओळखींची यादी) आणि बाइंडिंग्ज (लनच्या नावांची यादी) या दोन फाइली, एलव्हीएमची सेटिंग्ज, एचबीएचा ड्रायव्हर, या सगळ्याची इनिटरामएफएस बांधताना जी अवस्था होती तीच प्रत तिच्यात राहते.

आता खरी गोम. ड्रॅकट साधारणपणे 'हॉस्ट-ओन्ली' पद्धतीने इनिटरामएफएसची इमेज बांधतो, म्हणजे या क्षणी या मशीनला जे लागतंय तेवढंच आत घेतो. मल्टिपाथचा मॉड्यूल घ्यायचा की नाही हे तो कसं ठरवतो? सध्या वापरात असलेली रूटसारखी डिव्हाइस मल्टिपाथवर आहेत का, ते बघून. सर्व्हर काही कारणाने एकदा एसडीएवर बूट झाला आणि त्याच अवस्थेत कर्नल अपडेट लावला गेला, तर ड्रॅकटला मल्टिपाथवरचं रूट दिसतच नाही. तो मॉड्यूल वगळतो. नव्या इमेजमध्ये मल्टिपाथ नाही, म्हणून पुढचं बूटही एसडीएवर होतं. त्यानंतरचा कर्नल अपडेट पुन्हा तेच बघतो. मल्टिपाथ डॉट कॉन्फ कितीही अचूक असली तरी ती या चक्राच्या बाहेरच राहते.

चक्रात पहिलं पाऊल बहुधा 'फाइंड_मल्टिपाथ्स' या पर्यायामुळे पडतं. रेड हॅटच्या एमपाथकॉन्फने बनवलेल्या फाइलमध्ये त्याची किंमत 'यस' असते. याचा अर्थ असा: एखादा लन डब्ल्यूडब्ल्यूआयडीज फाइलमध्ये नोंदलेला असेल, तर एकच पाथ दिसला तरी तो मल्टिपाथचा मानायचा, नोंदलेला नसेल, तर त्याच ओळखीचे किमान दोन पाथ दिसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मूळ मल्टिपाथ-टूल्समधली डिफॉल्ट किंमत 'स्ट्रिक्ट' त्याहून कडक आहे. तिथे फाइलमध्ये नोंद असेल तरच. बूटच्या वेळी एक एचबीए पोर्ट लिंकवर यायला दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त वेळ घेतो. तेवढ्या अवधीत एकटाच पाथ दिसतो, नोंद नसल्यामुळे मल्टिपाथ बाजूला थांबतो आणि एलव्हीएम किंवा यूयूआयडीवरून (फाइलसिस्टिमची स्वतःची ओळख) केलेलं माउंट ती डिस्क उचलतं. म्हणूनच हा दोष एका बूटला दिसतो आणि दुसऱ्या बूटला दिसत नाही. त्यामुळे 'रीबूट केल्यावर गेला' या वाक्यावर मी अशा सर्व्हरच्या बाबतीत विश्वास ठेवत नाही.

चक्र तोडणं

आधी चालू इमेजची एक प्रत बूट फोल्डरमध्येच वेगळ्या नावाने ठेवा. नवी इमेज बिघडली तर ग्रबच्या (बूट मेनूच्या) ओळीत नाव बदलून परत येता येतं. मग बूट लनच्या एखाद्या पाथवर 'मल्टिपाथ -ए' चालवा, उदाहरणार्थ एसडीए देऊन. त्याने लनची ओळख डब्ल्यूडब्ल्यूआयडीज फाइलमध्ये जाते. फाइल उघडून डोळ्यांनी खात्री करा. ओळख दोन तिरक्या रेघांच्या मध्ये असते आणि बहुतेक अ‍ॅरेंच्या बाबतीत ३ या आकड्याने सुरू होऊन पुढे ३२ हेक्स अंक असतात. लिनक्सच्या एलआयओ टार्गेटवरून दिलेला लन असेल तर सुरुवात ३६००१४०५ अशी दिसते; घरी किंवा लॅबमध्ये सराव करणाऱ्यांना ती लगेच ओळखू येईल.

यानंतर इटीसीमधल्या ड्रॅकट डॉट कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये, नाव डॉट कॉन्फने संपेल अशी एक छोटी फाइल बनवा. तिच्यात एकच ओळ: 'अ‍ॅड_ड्रॅकटमॉड्यूल्स', मग अधिक-बरोबर, मग दुहेरी अवतरणात मल्टिपाथ. अवतरणाच्या आत शब्दाच्या आधी आणि नंतर एकेक मोकळी जागा ठेवावीच लागते, नाहीतर दुसऱ्या फाइलमधल्या शब्दाला हा चिकटतो आणि दोन्ही निकामी होतात. 'ड्रॅकट --फोर्स --अ‍ॅड मल्टिपाथ' ही कमांड एका इमेजपुरती उपयोगी आहे. पुढच्या कर्नल अपडेटला ती कुणी हाताने देणार नाही. ही फाइल ठेवली की रूट सध्या कुठेही असो, मॉड्यूल आत जातोच. दोष पुन्हा उगवू नये यासाठी यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच, आणि प्रत्यक्षात हीच करायची राहते.

आता 'ड्रॅकट -एफ' चालवा आणि रीबूटच्या आधी इमेजच्या आत डोकवा. 'एलएसइनिटआरडी' ला इमेजचं नाव देऊन मल्टिपाथ हा शब्द शोधा; मल्टिपाथडी, मल्टिपाथ डॉट कॉन्फ आणि डब्ल्यूडब्ल्यूआयडीज तिन्ही दिसायला हवेत. त्याच कमांडला '-एफ' आणि फाइलचा मार्ग दिला की आतली फाइल छापून येते. आतली डब्ल्यूडब्ल्यूआयडीज आणि बाहेरची डब्ल्यूडब्ल्यूआयडीज शेजारी ठेवून वाचा. कर्नलच्या ओळीत 'आरडी डॉट मल्टिपाथ' बरोबर ० असं कुणी पूर्वी तपासणीसाठी टाकून विसरलेलं नाही ना, तेही प्रॉक फोल्डरमधल्या सीएमडीलाइनमध्ये बघा. तो एक पर्याय वरची सगळी मेहनत वाया घालवतो.

डेबियनवर यासाठी 'मल्टिपाथ-टूल्स-बूट' नावाचं वेगळं पॅकेज लागतं. ते नसेल तर इमेजमध्ये मल्टिपाथ जात नाही. ते घातल्यावर 'अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल', आणि तपासायला 'एलएसइनिटरामएफएस'.

लन बदलला, नोंदी जुन्याच

वरचं सगळं केलेला सर्व्हरही दोन प्रसंगी पुन्हा घसरतो. एक, स्टोरेज अ‍ॅरे बदलला आणि बूट लनची नक्कल नव्या अ‍ॅरेवर गेली. दोन, गोल्डन इमेजवरून (नमुना सर्व्हरच्या डिस्कची तयार प्रत) नवा सर्व्हर उभा केला. दोन्ही वेळा डिस्कवरचा मजकूर तोच असतो, पण लनची ओळख नवी असते. इनिटरामएफएस इमेजच्या आतल्या डब्ल्यूडब्ल्यूआयडीजमध्ये मात्र आधीच्या लनची ओळख असते, त्यामुळे पहिल्याच बूटला मल्टिपाथ आणि एकटा पाथ यांच्यात तीच शर्यत सुरू होते. म्हणून मायग्रेशनच्या कामाच्या यादीत नवी ओळख नोंदवणं आणि इमेज पुन्हा बांधणं या दोन ओळी हव्यातच, आणि त्या पहिल्या बूटनंतर लगेच करायच्या आहेत. नवीन लनवर सर्व्हर एकदा नशिबाने मल्टिपाथवर आला, तरी इमेजच्या आतली यादी त्याने सुधारत नाही.

बाइंडिंग्ज फाइलचंही असंच होतं. सोपी नावं चालू असतील तर कोणता लन एमपाथए आणि कोणता एमपाथबी हे त्या फाइलवरून ठरतं, आणि आतली व बाहेरची प्रत जुळत नसेल तर नावांची अदलाबदल होते. फाइलसिस्टिमच्या टेबलात एमपाथए असं थेट नाव लिहिलेलं असेल तर याचा त्रास होतो. यूयूआयडी लिहा, किंवा मल्टिपाथ डॉट कॉन्फमध्ये बूट लनला स्वतःचं टोपणनाव द्या. मी बूट लनला नेहमी टोपणनाव देतो. रात्री तीनला कन्सोलवर ते नाव वाचलं की हा रूटचा लन आहे हे विचार न करता कळतं.

आणखी एक गोष्ट जुन्या सर्व्हरवर हमखास सापडते: ब्लॅकलिस्टमध्ये (मल्टिपाथने सोडून द्यायच्या डिस्कची यादी) लोकल डिस्कसाठी लिहिलेलं एसडीए हे नाव. लोकल डिस्क काढली किंवा शोधण्याचा क्रम बदलला की एसडीए हे नाव सॅनच्या पाथला मिळतं, आणि तो पाथ ब्लॅकलिस्टमध्ये जातो. ब्लॅकलिस्ट नेहमी डब्ल्यूडब्ल्यूआयडीवरून किंवा व्हेंडर-प्रॉडक्टवरून करावी.

एलव्हीएमची इशाऱ्याची ओळ

रूट एलव्हीएमवर असेल आणि 'पीव्हीएस' चालवल्यावर 'फाउंड डुप्लिकेट पीव्ही' असा इशारा येत असेल तर तो दुर्लक्षून पुढे जाऊ नका. एकच फिजिकल व्हॉल्यूम चार पाथवरून चारदा दिसतो आहे आणि एलव्हीएमने त्यातला एक निवडला आहे, असा त्याचा अर्थ. एलव्हीएम मल्टिपाथचे घटक स्वतः ओळखून वगळतो, पण सहसा मल्टिपाथने त्यांच्यावर ताबा घेतला असेल तरच. जुन्या एलव्हीएम डॉट कॉन्फमध्ये फक्त एसडीएला परवानगी देणारा फिल्टर असेल तर तो रूटला एका पाथवर खिळवून ठेवतो. तो काढा, आणि इमेज पुन्हा बांधा, कारण त्या फाइलची प्रतही आत असते. आरएचईएल ९ मध्ये फिल्टरऐवजी डिव्हाइसेस फाइल वापरली जाते, तिथे 'एलव्हीएमडिव्हाइसेस' ही कमांड काय दाखवते ते बघा.

फर्मवेअरचा टप्पा

इथे बिघाड असला तर चालू सर्व्हर सगळ्या परीक्षा पास होतो आणि फक्त रीबूटला अडतो. बहुतेक वेळा कारण एकच: बूट लन फक्त पहिल्या एचबीए पोर्टवर नोंदवलेला असतो. क्यूलॉजिकच्या कार्डावर कंट्रोल आणि क्यू दाबून उघडणाऱ्या युटिलिटीत 'सिलेक्टेबल बूट सेटिंग्ज' मध्ये एक प्रायमरी आणि तीन पर्यायी टार्गेट देता येतात. दोन्ही पोर्टवर जाऊन त्या त्या फॅब्रिकमधल्या दोन्ही कंट्रोलरचे डब्ल्यूडब्ल्यूपीएन (फायबर चॅनल पोर्टचे पत्ते) भरा. लनचा क्रमांक सगळ्या पाथवरून एकच ठेवा. अ‍ॅरे अलुआ पद्धतीचा (एका कंट्रोलरचे पाथ दुसऱ्याच्या पाथपेक्षा पसंतीचे मानणारा) असेल तर लनचा मालक असलेला कंट्रोलर आधी लिहा. स्टँडबाय पाथवरून वाचायला गेलेलं बूट कोड नुसतं वाट बघत बसतं.

यूईएफआयवर लिनक्सची बूट नोंद सहसा पार्टिशनच्या यूयूआयडीवर असते, त्यामुळे ती कोणत्याही पाथवरून सापडू शकते. पण दोन्ही पोर्टवर बूट स्कॅन चालू असेल तरच. 'ईएफआयबूटएमजीआर -व्ही' ने नोंदी वाचता येतात.

आयस्कझीवरून (साध्या नेटवर्कवरून मिळणारं स्टोरेज) बूट होत असेल तर फर्मवेअर आपली माहिती आयबीएफटी नावाच्या टेबलातून कर्नलला देतं. त्या टेबलात दोन नेटवर्क कार्डांची आणि दोन टार्गेटची जागा असते. एकच भरलेली असेल तर इनिटरामएफएसमध्ये एकच सेशन उघडतं आणि मग मल्टिपाथला दुसरा पाथ तिथे मिळतच नाही. कर्नलच्या ओळीत 'आयपी' बरोबर आयबीएफटी आणि 'आरडी डॉट आयस्कझी डॉट फर्मवेअर' बरोबर १ हवं. दोन्ही कार्डं वेगवेगळ्या सबनेटमध्ये ठेवा. एकाच सबनेटमध्ये असली की दोन्ही सेशन एकाच कार्डातून बाहेर पडतात आणि पाथ कागदावरच दोन राहतात.

सगळे पाथ एकदम गेले तर

रूटच्या लनसाठी 'नो_पाथ_रिट्राय' ची किंमत काय असावी यावर वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे: रूटला 'क्यू' द्यावं. सगळे पाथ काही क्षण गेले तरी आय-ओ थांबून राहते आणि पाथ परतले की सर्व्हर पुढे चालू लागतो. 'फेल' दिलं तर तेवढ्या क्षणात फाइलसिस्टिम बंद पडते. आकडा द्यायचा असेल तर तो तपासणीच्या फेऱ्यांचा असतो. तपासणी दर ५ सेकंदांनी होत असेल तर १२ म्हणजे साधारण एक मिनिट. 'क्यू' चा तोटाही खरा आहे: स्टोरेज कायमचं गेलं तर सर्व्हर लटकून राहतो, नीट बंदही होत नाही. क्लस्टरमध्ये दुसऱ्या नोडने काम हाती घ्यायचं असेल तर तिथे मर्यादित आकडाच योग्य. मल्टिपाथडी स्वतःला मेमरीत घट्ट बांधून ठेवतो, त्यामुळे रूट गेलेलं असतानाही तो पाथ तपासत राहतो आणि परत आलेले जोडून घेतो. तपासणीचं अंतर सगळं ठीक असताना ५ वरून २० सेकंदांपर्यंत वाढतं, म्हणून पाथ पडल्यावर किंवा परतल्यावर यादीत बदल दिसायला थोडा वेळ लागला तर घाबरू नका.

रीबूट करून सिद्ध करा

चार परीक्षा कराव्या लागतात. सर्व्हर चालू असताना पहिलं फॅब्रिक बंद, ते परत आल्यावर दुसरं बंद. मग पहिलं बंद ठेवून रीबूट, आणि दुसरं बंद ठेवून रीबूट. पाथ बंद करायला स्विचचा पोर्टच बंद करवून घ्या. सिस फोल्डरमध्ये डिस्कच्या स्टेटला 'ऑफलाइन' लिहूनही सराव होतो, पण त्याने एचबीए आणि फर्मवेअरची परीक्षा होत नाही. दोन परीक्षांच्या मध्ये 'मल्टिपाथ -एलएल' मध्ये चारही पाथ अ‍ॅक्टिव्ह दिसेपर्यंत थांबा. घाई केली तर दोन्ही बाजू एकदम जातात. शेवटच्या दोन रीबूटना नेमका पहिल्या, म्हणजे फर्मवेअरच्या, टप्प्यातला बिघाड उघड होतो, आणि बदलाच्या खिडकीत वेळ कमी पडला की त्याच गाळल्या जातात. त्या करण्यासाठी वेगळी वेळ मागून घ्या. मॉनिटरिंगमध्येही 'मल्टिपाथ चालू आहे का' याऐवजी 'रूटच्या लनला चार पाथ आहेत का' असा प्रश्न विचारा.

इमर्जन्सी शेलमध्ये अडकलात तर

'ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट' च्या ओळी येऊन शेवटी इमर्जन्सी शेल आलं, तर आधी प्रॉक फोल्डरमधली पार्टिशन्स फाइल वाचा. तिथे एकही एसडी नसेल तर प्रश्न मल्टिपाथचा नाही: एचबीएचा ड्रायव्हर इमेजमध्ये नाही, किंवा झोनिंग (कोणत्या पोर्टला कोणता पोर्ट दिसावा याची स्विचवरची नोंद) तुटलं आहे. क्यूलॉजिकचं कार्ड काढून एम्युलेक्सचं बसवलं की हे हमखास होतं, कारण हॉस्ट-ओन्ली इमेजमध्ये क्यूएलए२एक्सएक्सएक्स आहे आणि आता एलपीएफसी लागतो. ग्रबमधली रेस्क्यू नोंद निवडा. ती इमेज सर्व ड्रायव्हर घेऊन बांधलेली असते. वर आल्यावर 'ड्रॅकट -एफ' ला अपेक्षित कर्नलची आवृत्ती देऊन इमेज बांधा.

डिस्क दिसत आहेत पण मॅपरखाली काही नाही, असं असेल तर 'मल्टिपाथ -व्ही३' चालवा. प्रत्येक डिस्क का घेतली किंवा का सोडली हे तो ओळीने सांगतो. अ‍ॅरे अलुआचा असून बूट फार रेंगाळत असेल आणि लॉगमध्ये आय-ओ एरर भरभरून येत असतील, तर एससीएसआय_डीएच_अलुआ हा मॉड्यूल उशिरा लोड होतोय. 'आरडी डॉट ड्रायव्हर डॉट प्री' ने तो आधी लोड करवा.

शेल सोडण्यापूर्वी रन फोल्डरच्या इनिटरामएफएसमध्ये आरडीएसओएसरिपोर्ट डॉट टीएक्सटी ही फाइल असते, ती बूट पार्टिशनवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या. रन मेमरीत असतं, रीबूटनंतर ती फाइल जाते. त्यात कर्नलची ओळ, डिस्क कोणत्या सेकंदाला दिसल्या आणि मल्टिपाथडी कधी उठला हे सगळं वेळेसकट असतं. पहिल्या एसडीच्या ओळीत आणि शेवटच्या एसडीच्या ओळीत किती अंतर आहे तेवढं बघितलं तरी, दुसरा पोर्ट उशिरा आला की नाही, ते कळतं.